सुलतानची करडं आणि माझी पट्टी

मित्रांनो, मी एक जुना तानकाटा आहे. जुना म्हटलं म्हणून लगेच दयेनं बघू नका. पट्टीवरचं पितळ थोडं काळवंडलंय, पण आतली स्प्रिंग अजून ताठ आहे. वर एक कडी, खाली एक हूक आणि मधे पंचवीस किलोपर्यंतच्या रेघा, एवढाच माझा देह. लोहाऱ्याच्या बाजारात मला हुकाचा काटा म्हणायचे. आता माकणीत दीपालीच्या घरी मी काटेबुवा झालोय. नाव कुठलंही घ्या, काम एकच. हुकाला जे लटकेल त्याचा भार सांगायचा आणि लटकवणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं. वस्तूचं वजन मी पट्टीवर दाखवतो, माणसाचं मनात टिपून ठेवतो.

माझा जन्म कारखान्यातला. तारेला पीळ देऊन माझी स्प्रिंग झाली. मग एका चष्मेवाल्या कारागिरानं माझ्या हुकाला आधी वजनं लटकवली आणि काटा जिथं थांबला तिथं रेघा मारल्या. आधी वजन, मग रेघ. पुढं आयुष्यभर मी बघत आलो, की माणसं बरोबर उलटं करतात. रेघ आधी मारून ठेवतात आणि मग तिथवर पोचेल असं वजन शोधत फिरतात.

माझे पहिले मालक लोहाऱ्याचे बंडप्पा. चिंचेचे व्यापारी. बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी आणि मिशी पूर्ण स्वतःची. लोक चिंचेची पोती घेऊन यायचे. पोत्याचं तोंड उघडलं की वर काळीभोर, गरदार चिंच हसायची. खाली कुठं तरी चिंचोके, शिरा आणि टरफलं लपून बसलेली असायची. बंडप्पा वरच्या चिंचेकडं बघायचेसुद्धा नाहीत. या पोत्याच्या मधली एक मूठ, त्या पोत्याच्या तळची एक, कोपऱ्यातल्या पोत्याची एक, अशा मुठी काढायचे. हात घालताना चक्क डोळे मिटायचे.

"बंडप्पा, पोती सगळीच बघा की. डोळं झाकून काय कळतंय?" एकदा एक शेतकरी म्हणाला.

"सगळी बघत बसलो तर चिंच जुनी होते, मी पण होतो. हौदु की न्हाय?" बंडप्पा हसले. "आणि डोळं उघडं ठेवलं तर हात चांगल्याच चिंचेकडं जातो. हाताला बी लालूच असते बाबा."

सगळा माल मोजता येत नसेल तर थोडा मोजायचा, पण तो थोडा कुणाच्या मर्जीनं निवडलेला नसावा. मुठी चार निघाल्या तर अंदाज डगमगतो, चाळीस निघाल्या तर बऱ्यापैकी स्थिर होतो. हे मी तिथं शिकलो. आणि सरासरी नावाच्या बाईची ओळखही तिथंच झाली. सरासरी म्हणजे सगळ्यांचं मिळून निघालेलं असं एक वजन, जे बहुतेक वेळा कुणाचंच नसतं. तरी सगळा बाजार तिच्याच शब्दावर चालतो.

मला तिथं फार मान होता. "काटा बंडप्पाचा," एवढं म्हटलं की भांडण मिटायचं. मग दुकानात डिजिटल काटा आला. लाल दिव्यांत आकडे नाचायला लागले आणि गिऱ्हाईक त्या नाचावर भाळलं. मला मागच्या भिंतीच्या खिळ्याला टांगलं. कुणी माझ्या हुकाला छत्री अडकवली, कुणी दळणाची पिशवी. मित्रांनो, तानकाट्याला कायमचं ओझं लटकवून ठेवणं म्हणजे माणसाला रात्रंदिवस उभं ठेवण्यासारखं आहे. पण मी वाकलो नाही. मी वाट बघितली.

एक दिवस दीपाली दुकानात आली. दीपाली माकणीची सून आणि गावची पशुसखी. पशुसखी म्हणजे शेळ्यांना जंताचं औषध पाजणारी, लसीची आठवण करणारी, करडांचं वजन घेणारी बाई. लग्नाआधी सोलापुरात ती संख्याशास्त्र घेऊन कॉलेजात शिकत होती. ते अर्धवट राहिलं, पण डोक्यातून गेलं नाही. तिला असा काटा हवा होता, जो रानात चालेल आणि चार्जिंग मागणार नाही. बंडप्पांनी मला खिळ्यावरून काढलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि तिच्या हातात दिलं.

"घेऊन जा पोरी. इथं लटकून त्याची छत्री झालीय नुसती."

घरी गेल्यावर दीपालीनं पहिलं काम काय केलं? पाच किलोचं पक्कं वजन आणून माझ्या हुकाला अडकवलं. काटा बरोबर पाचावर थांबला. ती हसली. मीही हसलो असतो, पण आम्हाला तोंड नसतं.

आता मुख्य गोष्टीकडं येतो.

माकणीत शेळ्यांचे दोन कळप. वरच्या आळीचा एक, खालच्या आळीचा एक. चरायला दोघांना धरणाकाठचं एकच रान. वरच्या आळीच्या कळपात सुलतान नावाचा बोकड. अस्सल आपल्या भागातला, काळा कुळकुळीत, लांब कानांचा. बोकड महिलांच्या शेळीगटाच्या मालकीचा, पण सांभाळ नागूबाईंचा. सुलतान जन्मला आणि त्याची आई गेली, तेव्हा नागूबाईंनी त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. अजूनही तो त्यांच्या खाटेच्या पायाशी बसतो आणि त्यांचा पदर चघळतो. खालच्या आळीत युवराजचा बोकड. बाहेरून आणलेला, तांबूस, ठिपक्यांचा, दिसायला दांडगा. त्याचं नाव टायगर. बोकडाचं नाव टायगर ठेवणाऱ्या माणसाला आत्मविश्वास कमी असेल, असं समजायचं कारण नाही.

युवराजनं गटाच्या बैठकीत विषय काढला. गटाच्या अध्यक्ष शिवकांता समाजमंदिराच्या ओट्यावर मधे बसल्या होत्या.

"शिवकांताकाकू, सरळ बोलतो. टायगरची करडं सुलतानच्यापेक्षा लई भारी भरत्यात. दोन्ही आळ्यांनी टायगरच वापरा. बिनकामाचा बोकड कशाला पोसायचा? बाजारच्या दिवशी पिकअप येतीय, सुलतानला तिच्यात चढवा."

मित्रांनो, नऊ वर्षांचा बोकड बाजारच्या पिकअपमध्ये चढला, की तो कुठं उतरतो हे सांगायला नको.

नागूबाई उठून उभ्या राहिल्या. "आरं, तुझा टायगर कालचा! माझा सुलतान जुळी देतोय जुळी! तुझ्याला जमतंय व्हय?"

"नागूआत्या, जुळी होणं शेळीच्या हातात असतं, बोकडाच्या न्हाय," दीपाली हळूच म्हणाली.

"आयकलं का?" शिवकांता म्हणाल्या. "तिथं बी बापाला फुकटचं श्रेय देऊ नगा." बायका खदखदून हसल्या. नागूबाई मात्र हसल्या नाहीत.

ठरलं असं, की दोन्ही बोकडांची तीन महिन्यांची करडं काट्यावर घालायची. ज्याची सरासरी जड, तो बोकड ठेवायचा. काटा अर्थात मीच. मला समाजमंदिरासमोरच्या बाभळीच्या फांदीला टांगलं. हुकाला कापडाची झोळी. झोळीचं वजन दीपालीनं आधीच करून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वजनं झाली. युवराजनं सहा करडं आणली. काय एकेक करडू! पोटं टम्म, अंग चकाकतंय. झोळीत घातल्यावर त्यातलं एक इतकं मुतलं की मला वाटलं, निम्मं वजन तर इथंच सांडलं. दुपारी पोटभर चारा-पाणी देऊन आणली होती ना! वरच्या आळीतूनही सहा करडं आली. ती बघून मीच ओशाळलो. एक खोकणारं, एकाची फासळी न् फासळी मोजून घ्या, एक तर उभं राहताना भिंतीचा आधार शोधत होतं.

युवराजच्या सहांची सरासरी पावणेअकरा किलो निघाली. सुलतानच्या सहांची आठाच्याही खाली. जवळपास तीन किलोंचा फरक. युवराजनं मिशीवरून हात फिरवला.

"बघा, म्या काय म्हणलं हुतं?"

नागूबाईंनी आपलं खोकणारं करडू उचललं आणि घराकडं निघून गेल्या. पिकअप यायला अजून थोडे दिवस होते. त्यांनी घरी जाऊन सुलतानला आंघोळ घातली म्हणे. जायच्या पाहुण्याला घालतात तशी.

माझं म्हणाल, तर मी पट्टीवर एकही ग्रॅम खोटा दाखवला नव्हता. वजनं खरी होती. पण वजनं खरी असणं आणि त्यातून काढलेला निवाडा खरा असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंडप्पांच्या दुकानात वाढलेल्या काट्याला हे लगेच कळतं. वरची मूठ कुणी तरी दाखवत होतं. आता ती एका बाजूला चांगल्या चिंचेची होती आणि दुसऱ्या बाजूला नुसत्या टरफलांची. असं का?

उत्तर दीपालीला वरच्या आळीतच सापडलं. खोकणाऱ्या करडाला औषध पाजायला ती नागूबाईंच्या घरी गेली. मी तिच्या पिशवीत होतोच. पडवीत एक मोठं डालगं उपडं घातलेलं होतं आणि डालगं बें-बें करत होतं.

"आत्या, डालग्याखाली काय हाय?"

"काय न्हाय. कोंबडी."

"कोंबडी बेंऽ करते?"

नागूबाईंनी डालगं उचललं. खाली काळंभोर, गुबगुबीत करडू. कपाळाला काजळाचा टिक्का.

"हे सुलतानचंच ना?"

"व्हय."

"मग परवा वजनाला का न्हाय आणलं?"

नागूबाई तिच्याकडं बघतच राहिल्या, जणू तिनं फार खुळ्यासारखं विचारलं होतं. "आगं, चार माणसांत चांगलं करडू काट्यावर टांगायचं आन् आकडा मोठ्यानं बोलायचा? नजर लागती की! आन् तू येतीस ती औषधाची पिशवी घिऊन. मंग आमी आजारीच आणणार ना? सगळ्या आळीनं तेच केलं."

दीपाली डोक्याला हात लावून उंबऱ्यावर बसली. "म्हणजे आत्या, युवराजभावजींनी त्यांची चांगली निवडून आणली आणि तुम्ही तुमची वाईट निवडून आणली. सुलतानला पिकअप तुम्हीच दाखवली की!"

नागूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी पुष्कळ चेहरे बघितले आहेत. कमी वजन भरल्यावर पडणारे, जास्त भरल्यावर फुलणारे. पण स्वतःच्याच हातानं आपल्या लाडक्याचं वजन कमी केलंय हे कळलेला चेहरा पहिल्यांदाच बघितला.

दीपालीनं बैठक पुन्हा बोलवायला लावली. युवराज खवळला. "एकदा झालं ना वजन! आता काय पुन्ना पुन्ना?"

"भावजी, दावा कुणाचा हाय?"

"माझा."

"मग आपण आधी असं धरून चालू, की दोन्ही बोकडांत फरकच न्हाय. फरक हाय म्हणणाऱ्यानं तो दाखवायचा. सुलताननं काय बी सिद्ध करायची गरज न्हाय, तो बिचारा काय बोलला बी न्हाय."

"बरं," युवराज म्हणाला. तो गडी बोलभांड होता, पण रडीचा डाव खेळणारा नव्हता. "माझ्या टायगरला कशाचं भ्या हाय? घ्या कशी घ्यायची ती वजनं."

मग दीपालीनं जे केलं, ते बघून बंडप्पांनी तिची पाठ थोपटली असती. दोन्ही आळ्यांतल्या प्रत्येक करडाच्या गळ्यात नंबर लिहिलेली चिंधी बांधली. वर साठेक, खाली पन्नासेक करडं. सगळे नंबर चिठ्ठ्यांवर लिहून दोन घागरींत टाकले. शिवकांतांनी डोळे मिटून दोन्हींतून बारा-बारा चिठ्ठ्या काढल्या. ज्याचा नंबर निघेल तेच करडू काट्यावर यायचं. वजनही सकाळी, चारापाणी व्हायच्या आत, ज्याच्या त्याच्या दारात जाऊन घ्यायचं. आकडा मोठ्यानं बोलायचा नाही, दीपालीनं गुपचूप लिहून घ्यायचा. यामुळं नजरेचाही प्रश्न मिटला.

खालच्या आळीत पहिलीच चिठ्ठी निघाली ती एका लंगड्या करडाची.

"हे सोडा," युवराज म्हणाला. "हे आजारी हाय. दुसरी चिठ्ठी काढा."

"आजारी हाय, पण टायगरचंच हाय ना?"

"हाय की."

"मग चढवा."

नागूबाई पदरात तोंड घालून हसल्या. पण त्यांचं हसू वरच्या आळीपर्यंतच टिकलं. तिथं त्यांच्याच घरातल्या सगळ्यात किरकोळ करडाचा नंबर निघाला. नागूबाईंनी घाईघाईनं त्याची चिंधी सोडली आणि डालग्यातल्या गुबगुबीत करडाच्या गळ्यात बांधायला घेतली.

"आत्या!"

"आगं, दोन्ही एकाच आईची हायेत."

"चिंधी जिथली तिथं."

बघा मित्रांनो, लबाडीची सरासरी काढली असती तर दोन्ही आळ्या अगदी सारख्या भरल्या असत्या.

बारा आणि बारा, चोवीस वजनं झाली. टायगरच्या बारांची सरासरी नऊ किलो चारशे ग्रॅम. सुलतानच्या बारांची नऊ किलो. तीन किलोंचा फरक चारशे ग्रॅमवर आला.

बाजारचा दिवस उजाडला. समाजमंदिरासमोर बैठक भरली. पिकअप येऊन उभी होती आणि ड्रायव्हर काचेतून मान काढून, "चढवायचा का न्हाय ते सांगा लवकर," म्हणत होता. सुलतान नागूबाईंच्या हातातल्या दाव्याला उभा राहून त्यांचा पदर चघळत होता.

"चारशे ग्रॅम का हुईना, माझाच जड हाय की," युवराज म्हणाला. त्याचं चूक नव्हतं. जड तर त्याचाच होता.

"व्हय," दीपाली म्हणाली. "पण चारशे ग्रॅम बोकडामुळं आले, का चिठ्ठ्या तशा निघाल्या म्हणून आले? उद्या वेगळी बारा निघाली असती तर?"

"ते कसं कळणार?"

तिनं जुन्या लग्नपत्रिका कापून चोवीस चिठ्ठ्या केल्या होत्या. मागच्या कोऱ्या बाजूला एकेक वजन. त्यावर ना सुलतानचं नाव, ना टायगरचं. चिठ्ठ्या सुपात टाकल्या.

"बोकडांत काय बी फरक नसेल, तर कुठलं वजन कुणाच्या वाट्याला आलं हा नुसता योगायोग. मग आपण बी योगायोगानंच वाटू. बारा टायगरच्या ढिगात, बारा सुलतानच्या ढिगात. बघू नुसत्या नशिबानं टायगर कितीदा चारशे ग्रॅमनं जड निघतोय ते. वीस वेळा वाटू. विसात एखाद्या वेळीच निघाला, म्हणजे नुसत्या नशिबानं असं सहसा होत न्हाय, तर युवराजभावजींचं खरं मानू, बोकड गाडीत. त्यापेक्षा जास्त वेळा निघाला, तर एवढा फरक नशिबानं बी पडतोय, दावा पडला. आधीच कबूल करा, मागून रेघ हलवायची न्हाय."

युवराजनं मान डोलावली. नागूबाईंनी दावं घट्ट धरलं आणि मान डोलावली.

शिवकांतांनी सूप हलवलं, चिठ्ठ्या उलट्यापालट्या केल्या आणि पत्ते वाटावेत तशा वाटल्या. मोबाईलवर बेरजा झाल्या. पहिल्या वेळी सुलतान जड. दुसऱ्या वेळी दोन्ही जवळपास सारखे. तिसऱ्या वेळी टायगर जड, तोही पाचशे ग्रॅमनं! खऱ्या बोकडापेक्षा सुपातला टायगर जास्त भरला म्हणून बायकांनी टाळ्या वाजवल्या. चौथ्यांदा सुलतान. बेरजा चालू राहिल्या. ड्रायव्हर खाली उतरून पुढं येऊन बसला आणि आपणही एकदा सूप हलवू का म्हणून विचारू लागला. त्याला हलवू दिलं.

वीस वाटपं झाली. त्यात पाच वेळा टायगर चारशे ग्रॅमनं किंवा त्याहून जास्त जड निघाला होता. पाच वेळा, आणि बोकडाचा काडीचा संबंध नसताना.

युवराजनं पाचही आकडे पुन्हा बघितले. मग तोच बोलला. "मंजी दोन्ही बोकड सारखे हायेत, असं?"

"तसं बी म्हणत न्हाय मी," दीपाली म्हणाली. "टायगर थोडा भारी असंल बी. एवढ्या करडांवर ते दिसलं न्हाय, एवढंच. पुढच्या हंगामात जास्त करडं मोजू. तवा दिसलं तर मीच सांगीन."

"दाव्याला पुरावा न्हाय," शिवकांता म्हणाल्या आणि सूप भिंतीला लावून ठेवलं. "गाडी रिकामी जाऊ द्या."

नागूबाईंनी दावं सोडलं. त्या काही रडल्या-बिडल्या नाहीत. युवराजकडं बघून एवढंच म्हणाल्या, "तुझ्या त्या लंगड्या करडाला आमच्याकडं धाड. त्याचा पाय शेकायला पायजे." आणि युवराजनं ते करडू संध्याकाळी स्वतः उचलून आणून दिलं.

मित्रांनो, माझं काही फार मागणं नाही. काम झालं की हूक मोकळा ठेवा, कोरड्या फडक्यानं पुसा, आणि वजन घ्यायच्या आधी मी शून्यावर उभा आहे ना, हे बघत जा. मात्र आणखी एक गोष्ट मागतो, ती माझ्यासाठी नाही. कुणी तुम्हाला सांगितलं, की त्या आळीतली पोरं ढ, या वर्गातली हुशार, अमक्या घरची माणसं तशीच, तर त्याला विचारा: किती जणं बघितलीस? ती निवडली कुणी? आणि जो फरक म्हणतोस तो नुसत्या योगायोगानं किती वेळा आला असता? तिन्हींची उत्तरं येईपर्यंत कुणालाही गाडीत चढवू नका.

आज सकाळीच सुलतान कळपाच्या पुढं धरणाकाठच्या रानात गेला. त्याची करडं टायगरच्या करडांपेक्षा हलकी आहेत की नाहीत, हे अजून नक्की कुणालाच माहीत नाही. तो मात्र मजेत चरतो आहे.